कापडाच्या सावलीतला सौम्यपणा

सौम्य प्रीमियम सिगारचे जाणकार त्याचे वर्णन बहुधा एकाच रीतीने करतात. वरचे पान फिक्या सोनेरी-तपकिरी रंगाचे, हाताला रेशमी लागणारे, शिरा जेमतेम दिसणाऱ्या. पेटवल्यावर सायीचा, वाळल्या गवताचा, देवदाराच्या लाकडाचा वास. मिरीचा झणका नाही, घशाला ठसका नाही. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा. मिनिटाला एखादाच झुरका घ्यायचा, म्हणजे सिगार तापत नाही आणि कडवट होत नाही. पाऊण तास ते तासभर चालणारा हा अनुभव शेवटपर्यंत तसाच मवाळ राहिला, तर सिगार उत्तम ठरतो. त्यात खटकणारे काहीच नसल्यामुळे हा एखाद्या निवडक तंबाखूचा उपजत गुण असावा असे वाटते. धंद्यातले लोकही तेच सांगतात: उत्तम माती, उत्तम बी आणि पिढीजात कसब. हे तिन्ही खरेच आहे, पण त्याने इतिहास पुरा होत नाही. माझे म्हणणे असे की आज ज्याला आपण सौम्य प्रीमियम सिगार म्हणतो, तो साधारण १८८० ते १९७० या काळात घडवला गेला. जकातीचे कायदे, वसाहतीतल्या मळ्यांशी लागलेली चढाओढ, कापडाच्या मांडवाखालची हंगामी मजुरी आणि एक राजकीय व्यापारबंदी यांनी मिळून तो घडवला. या घडणीत तंबाखूचा कडकपणा नाहीसा झाला नाही. ओढणाऱ्याच्या जिभेवरून तो काढला गेला आणि इतरांच्या वाट्याला आला.

आधी सिगारची रचना पाहू. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या विडीत तंबाखू फक्त आत असते. बाहेरचे तेंदूचे पान वेगळ्याच झाडाचे. सिगार मात्र आतून बाहेरपर्यंत तंबाखूचाच असतो. मधले सारण म्हणजे फिलर, त्याला बांधून धरणारे पान म्हणजे बाइंडर आणि सर्वांत वर सफाईने गुंडाळलेले रॅपर. फिलरमध्ये रोपाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पाने एकत्र येतात. क्यूबातले कारागीर बुडाकडच्या पानांना वोलादो, मधल्यांना सेको आणि शेंड्याकडच्या, सर्वाधिक ऊन खाल्लेल्या पानांना लिगेरो म्हणतात. लिगेरो जाड, तेलकट आणि कडक असते. वोलादो नीट जळते, पण त्यात दम कमी. सौम्य सिगारमध्ये लिगेरो नावापुरते घालतात किंवा घालतच नाहीत. रॅपर वजनाने थोडेच भरते, पण ओठाला लागते ते, नजरेत भरते ते आणि चवीतही त्याचा वाटा मोठा. म्हणून पानांच्या बाजारात त्याचा भाव सर्वांत चढा. आता तंबाखूचे रोप उघड्या उन्हात वाढले तर पानाला जाडी आणि तेल येते. सावलीत वाढले तर कमी प्रकाशात भागवण्यासाठी पान पसरते. ते रुंद, पातळ आणि लवचिक होते. सौम्य सिगारचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे. पण शेकडो एकरांवर सावली आपोआप पडत नाही. कुणीतरी पैसा ओतून ती धरावी लागते, आणि ती कुणी आणि का धरली याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात सापडत नाही.

युरोपियनांनी सिगारसारखी गुंडाळलेली पाने पहिल्यांदा पाहिली ती १४९२ च्या नोव्हेंबरात, क्यूबात, कोलंबसाने किनाऱ्यावरून आत पाठवलेल्या माणसांच्या डोळ्यांनी. त्यानंतरची जवळजवळ चार शतके सिगारचा मोठेपणा सौम्यपणावर मोजला जात नव्हता. स्पेनच्या राजसत्तेने १७१७ मध्ये क्यूबाच्या तंबाखूवर मक्तेदारी बसवली, तेव्हा तिथल्या तंबाखू-शेतकऱ्यांनी बंड केले. पुढच्या सहा वर्षांत ती बंडे पुन्हा पेटली आणि चिरडली गेली. १८१७ मध्ये मक्तेदारी उठली आणि मग हवानाचा सिगार जगभर गेला. त्याची ख्याती होती ती सुवासाची आणि भरीव चवीची. अमेरिकेत उत्तम सिगार म्हणजे हवाना पानाचा सिगार, हे समीकरण पक्के होते. १८८० च्या दशकात विसेंते मार्तीनेस इबोर याने फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळ वसवलेले इबोर सिटी हे सिगार-कामगारांचे गाव याच समीकरणावर उभे राहिले. पान क्यूबातून यायचे आणि वळणारे हातही बहुतांशी तिथलेच. सामान्य गिऱ्हाइकाच्या स्वस्त सिगारवर मात्र अमेरिकेतच पिकलेले पान असे, आणि त्यात कनेटिकट नदीच्या खोऱ्यातले पान नावाजलेले होते. या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचा निवांत धंदा एका दूरच्या बेटाने मोडला. ते बेट म्हणजे सुमात्रा.

सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेली भागात याकोबस निएनहॉएस हा डच व्यापारी १८६३ मध्ये आला आणि १८६९ मध्ये डेली मात्सखापाय ही मळ्यांची कंपनी उभी राहिली. जंगल तोडून मोकळ्या केलेल्या तिथल्या जमिनीत आणि दमट, ढगाळ हवेत येणारे तंबाखूचे पान अतिशय पातळ आणि एकसारखे होते. तेवढ्याच वजनात ते कितीतरी जास्त सिगारांना पुरे, आणि त्याची स्वतःची चव इतकी मंद की आतल्या फिलरच्या आड ते येत नसे. ॲमस्टरडॅमच्या लिलावात त्यावर उड्या पडू लागल्या. मात्र एकदा पीक काढलेली जमीन पुढे कित्येक वर्षे पडीक ठेवावी लागे, म्हणजे सतत नवे जंगल आणि सतत नवे हात लागत. हे हात आधी चीनमधून आणि पुढे जावातून आणले गेले; मळ्यांवर आपल्याकडून गेलेले तमिळ मजूरही होते. १८८० च्या कुली कायद्याने करार मोडणाऱ्या मजुराला थेट फौजदारी शिक्षा ठरवली, त्यामुळे मळा सोडून जाणे हाच गुन्हा झाला. मेदानमधल्या फान डेन ब्रांट या वकिलाने १९०२ मध्ये या छळावर पुस्तिका लिहिली. हॉलंडमध्ये खळबळ उडाली, सरकारने रेमरेव्ह या सरकारी वकिलाला चौकशीला पाठवले आणि १९०४ मध्ये आलेला त्याचा अहवाल दडपून ठेवला. तो संपूर्ण छापून लोकांसमोर आणला यान ब्रेमन यांनी, १९८० च्या दशकात. दक्षिण गुजरातच्या शेतमजुरांवर आयुष्यभर अभ्यास केलेले तेच हे समाजशास्त्रज्ञ. मारहाण, कोंडून ठेवणे, आजारी मजुरांची हेळसांड यांची त्या अहवालातली नोंद वाचल्यावर ‘मंद चवीचे पान’ ही केवळ चवीची बाब उरत नाही.

अमेरिकेतल्या कारखानदारांना हे पान हवेच होते आणि कनेटिकटच्या शेतकऱ्यांना ते नकोच होते. हा झगडा वॉशिंग्टनमध्ये जकातीच्या आकड्यांवर लढला गेला. १८८३ मध्ये चांगल्या रॅपर-पानावर पौंडाला ७५ सेंट जकात होती. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने ती २ डॉलरवर नेली. तरीही सुमात्राचे पान येतच राहिले, कारण जकात भरूनही ते परवडत होते. मग प्रश्न पुढे आला की ते पान घरीच पिकवता येईल का. अमेरिकी कृषी खात्याच्या माती विभागाने कनेटिकटच्या खोऱ्याची पाहणी केली आणि १९०० च्या उन्हाळ्यात विंडसर गावच्या पोक्वोनॉक भागात, एका एकरापेक्षाही लहान तुकड्यावर, खांब उभे करून वर पातळ सुती कापड ताणले आणि खाली सुमात्राचे बी लावले. आत ऊन कमी, दमटपणा जास्त, वाऱ्याचा मार नाही. थोडक्यात, डेलीची हवा कापडाखाली उभी केली. पान सुंदर आले. लगेच गुंतवणूकदार धावले, शेकडो एकरांवर मांडव पडले, आणि दोनेक वर्षांतच अनेकांचे हात पोळले. एका शेतातली पाने एकसारखी येईनात, आणि एकसारखेपणा नसलेले रॅपर विकत नाही. त्यातून वाट काढली आर्चिबाल्ड शामेल या कृषी खात्याच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. उत्तम रोपे निवडायची, परागसंकर होऊ नये म्हणून त्यांच्या फुलोऱ्यावर कागदी पिशव्या चढवायच्या आणि त्यांचेच बी पुढे धरायचे. आज सिगारच्या यादीत ‘कनेटिकट शेड’ हे नाव वाचताना ते एखाद्या जुन्या परंपरेचे वाटते. प्रत्यक्षात ते सरकारी प्रयोग, संरक्षक जकात आणि बीज-निवड यांचे विसाव्या शतकातले अपत्य आहे.

या मांडवाखालचे काम जवळून पाहिले, म्हणजे सौम्यपणाची किंमत कुठे जमा होते ते कळते. तारांच्या जाळीवर ताणलेले पांढरे कापड डोक्याच्या बरेच वर, बाजूंनीही कापडच. आत हवा कोंडलेली आणि ओलसर, ऊन दुधाळ. रोप वाढत वाढत कापडाला टेकायला येते. तोडणी बुडापासून सुरू होते, कारण खालची पाने आधी पिकतात. पहिल्या तोडणीला वाकूनही भागत नाही, म्हणून तोडणारी मुले ओळीत जमिनीवर बसत आणि बसल्या बसल्याच पुढे सरकत, दोन्ही बाजूंच्या रोपांची मोजकी पाने खुडत. दर काही दिवसांनी पुन्हा तीच ओळ, जरा वरची पाने, असे हंगामभर. पानाला चीर गेली, डाग पडला किंवा घडी पडली, तर ते रॅपरच्या भावातून बाद होते. म्हणून वेग हवा आणि हात मात्र हलका हवा. पुढे शेडमध्ये बायका आणि मुली ती पाने एकेक करून दोऱ्यात ओवत आणि लाकडी पट्ट्यांवर टांगत. त्या पट्ट्या उंच शेडमध्ये थरावर थर चढवल्या जात. भिंतींच्या फळ्या उघडमीट करून, गरज पडल्यास खाली मंद आच ठेवून पाने आठवडेच्या आठवडे वाळवत. नंतर ढिगात घालून ती आंबवायची, ढीग तापला की उलटायचा आणि पुन्हा रचायचा. आंबवताना अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. पानातला कडवटपणा या टप्प्यावर उतरतो. हा दर्प ढीग उलटणाऱ्याच्या नाकातोंडात जातो आणि ओढणाऱ्यापर्यंत फक्त गवताचा मंद वास पोचतो. पाने खुडणाऱ्याचेही तसेच. ओल्या पानातले निकोटीन कातडीतून अंगात शिरते आणि मळमळ, उलट्या, चक्कर सुरू होते. फ्लोरिडातल्या डॉक्टरांनी १९७० मध्ये या दुखण्याची वैद्यकीय नोंद केली आणि पुढे गुजरातेतल्या तंबाखूच्या शेतमजुरांतही ते अभ्यासले गेले.

हे हात कुणाचे होते हा प्रश्न कनेटिकटमध्ये दर पिढीला नव्याने सोडवला गेला. १९१७ मध्ये लुइस हाइन या छायाचित्रकाराने बालमजुरीविरुद्धच्या मोहिमेसाठी या मळ्यांत काम करणाऱ्या लहान मुलांची छायाचित्रे टिपली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा मळेवाल्यांनी नॅशनल अर्बन लीगच्या मदतीने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उन्हाळी कामाला बोलावले. अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचा या खोऱ्याशी संबंध जुळला तो तेव्हापासून. दुसऱ्या महायुद्धात जमैका आणि आसपासच्या बेटांवरून मजूर आले, त्यानंतर पोर्तो रिकोतून. मोरहाउसच्या वाटेने १९४४ च्या उन्हाळ्यात सिम्सबरी इथल्या कलमन ब्रदर्सच्या मळ्यावर आलेल्या मुलांत पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग होता. घरी पाठवलेल्या पत्रांत त्याने लिहिले की इथे हवे तिथे जाता येते, हवे तिथे बसता येते, हार्टफर्डच्या चांगल्या उपाहारगृहात जेवता येते. परतीच्या प्रवासात वॉशिंग्टननंतर पुन्हा वेगळ्या डब्यात बसावे लागले, तेव्हा झालेला त्रास त्याने पुढे सांगितला आहे. समाजसेवेची ओढ याच उन्हाळ्यात लागली असेही त्याने नोंदवले. यावरून कुणी म्हणेल की मग हे मळे तर मुक्तीची शाळाच ठरले. मला तसे वाटत नाही. किंगला मोकळे वाटले ते उत्तरेकडच्या गावात, बाजारात आणि चर्चमध्ये. मळ्यावरचे काम अंगमेहनतीचे होते आणि ते मिळायचे कारण एवढेच, की स्थानिकांना ते नको होते. ज्यांना आपल्या मुलखात सन्मानाची जागा नाही, ते दूरच्या उन्हाळी मजुरीला राजी होतात. या राजीपणावर पातळ पानाचा हिशेब बसत होता.

डेलीच्या आणि कनेटिकटच्या मजुरांची अवस्था एकच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. कनेटिकटचा मजूर काम सोडून जाऊ शकत होता, डेलीचा जाऊ शकत नव्हता, आणि हा फरक लहान नाही. पण दोन्हीकडची पाने एकाच बाजारात एकमेकांना टक्कर देत होती, त्यामुळे दोन्ही इतिहास वेगळे काढता येत नाहीत. याचा उत्तम पुरावा अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात आहे. त्याच्या ३०७ व्या कलमाने सक्तीच्या आणि फौजदारी शिक्षेच्या धाकाखालच्या करारी मजुरीतून तयार झालेल्या मालाला अमेरिकेत बंदी केली. या तरतुदीचा पाठपुरावा चालू असतानाच डेलीच्या तंबाखू कंपन्यांना अमेरिकी गिऱ्हाईक हातचे जाण्याची धास्ती पडली, आणि वर्षानुवर्षे टीकेला न जुमानणाऱ्या त्या कंपन्यांनी फौजदारी शिक्षेचे करार झपाट्याने सोडून दिले. अमेरिकी कायदेमंडळाला जावानी मजुराची कणव होती की कनेटिकटच्या शेतकऱ्याची, यावर वाद घालता येईल. माझ्या मते दुसरी अधिक होती. तरीही एवढे निश्चित की सिगारच्या वरच्या पानाचा भाव, त्याची जकात आणि ते पिकवणाऱ्याचे स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात ओवलेल्या होत्या.

इथवर सौम्य रॅपर तयार झाले होते, पण प्रतिष्ठा अजून हवानाचीच होती. ती गादी हलली क्यूबाच्या क्रांतीनंतर. १५ सप्टेंबर १९६० रोजी कास्त्रो सरकारने सिगारचे कारखाने राष्ट्रीयीकृत केले आणि १९६२ च्या फेब्रुवारीत केनेडी यांनी क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर केली. अमेरिकी बाजारातून हवानाचे पान एकाएकी नाहीसे झाले. कारखान्यांचे मालक, पानांचे पारखी आणि बी घेऊन निघालेले शेतकरी कॅनरी बेटे, होंडुरास, निकाराग्वा, डॉमिनिकन प्रजासत्ताक अशा दिशांना पांगले. नव्या मुलखांतल्या पानात हवानाचा भरीवपणा नव्हता. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सिबाओ खोऱ्याचा तंबाखूचा धंदा जुना. एकोणिसाव्या शतकात तिथले पान हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनला जाई, पण ते स्वस्त फिलर म्हणून. आता या हलक्या पानांना एकत्र करून, त्यावर कनेटिकटचे फिके रॅपर चढवून, आपलाच एक दर्जा उभा करणे भाग होते. किंग ज्यांच्या मळ्यावर राबला त्या कलमन घराण्यातल्या एडगर कलमन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल सिगार ही कंपनी हाती घेतली होती. पुढे त्या कंपनीने जमैकातला टेम्पल हॉल कारखाना घेऊन मॅकानुडो हे नाव अमेरिकेत आणले. कॅरिबियन फिलर आणि घरच्या कनेटिकटच्या मळ्यांतले रॅपर असलेला हा सिगार दीर्घकाळ अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या प्रीमियम सिगारांत राहिला, आणि एका पिढीसाठी सौम्य सिगारचा मापदंड बनला.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अमेरिकी गिऱ्हाइकाला सौम्य चव आधीपासूनच आवडत होती, धंद्याने फक्त मागणी पुरवली. पुरावा म्हणून कँडेला पान दाखवता येते: १९५० च्या दशकात अमेरिकेत हिरवट रॅपरचे सिगार फार खपत. उष्णता देऊन पान झटपट वाळवले की हिरवा रंग टिकतो आणि चव हलकी, किंचित गोडसर राहते. क्यूबाचे कारखानेसुद्धा अमेरिकेसाठी अशी फिकी-हिरवी पाने आणि इंग्लंडसाठी तपकिरी पाने वेगळी काढत. आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. १९५० च्या दशकातल्या त्या गिऱ्हाइकाची जीभ आधीच्या पन्नास वर्षांच्या मांडवाखालच्या पानावर तयार झालेली होती. पुरवठ्याने मागणी घडवली आणि मग मागणीने पुरवठ्याला आधार दिला. शिवाय सौम्य पान आवडणे वेगळे आणि सौम्यपणालाच उच्च दर्जा मानणे वेगळे. दुसरी गोष्ट घडली ती हवाना दिसेनासे झाल्यावर. युरोपात व्यापारबंदी नव्हती, तिथे हवानाची गादी टिकली. एकाच काळात दोन बाजारांनी दोन निरनिराळ्या गोष्टींना श्रेष्ठ ठरवले. रुची केवळ निसर्गदत्त असती, तर सीमेबरोबर ती अशी बदलली नसती.

दुसरा आक्षेप मातीचा आणि हवेचा. काही जागा मुळातच मृदू पान देतात, मग मांडवाचे आणि मजुराचे एवढे का? इक्वाडोरचे उदाहरण इथे देतात. अँडीजच्या पश्चिम उतारावर हंगामात आभाळ इतके भरलेले असते की कनेटिकटचे बी तिथे कापडाशिवाय वाढते. आज अनेक सौम्य सिगारांवर हेच इक्वाडोरी पान असते. पण ते तिथे का गेले? कनेटिकटमध्ये मजुरी, कापड आणि जमिनीचे भाव वाढत गेले, खोऱ्यात घरे आणि गोदामे उभी राहिली आणि मांडव एकेक करून उतरले. ढगांनी कापडाचा खर्च वाचवला आणि स्वस्त मजुरीने उरलेला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सांतियागोभोवतीची कारखानदारीही याच हिशेबाने वाढली. झिनो डेव्हिडॉफच्या नावाचे सिगार १९९० च्या सुमारास क्यूबा सोडून तिथे आले आणि हलक्या, नेमस्त चवीसाठीच नावाजले गेले. १९९२ मध्ये ‘सिगार अफिसिओनाडो’ मासिक निघाले आणि पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेतली प्रीमियम सिगारांची आयात जवळपास चौपट झाली. नव्याने ओढायला लागलेल्या हजारोंच्या हातात पहिला सिगार दिला गेला तो सौम्यच, कारण कडक सिगारने नवखा माणूस पळून जातो. माती आणि ढग आपापले काम करतातच. कोणत्या मातीला आणि कोणत्या ढगाला बाजारात जागा मिळेल, ते मात्र भांडवल ठरवते.

तिसरी बाब आक्षेपापेक्षा समजुतीची आहे आणि तीच सर्वांत घातक. चव सौम्य, म्हणजे अंगालाही सौम्य, असे सहज गृहीत धरले जाते. सिगारच्या आंबवलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते; छातीत धूर न घेणे हे त्याला अडवत नाही. मोठ्या सिगारात कधी कधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र ग्रंथ काढून रोज सिगार ओढणाऱ्यांत तोंडाच्या, स्वरयंत्राच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे दाखवले. २०२२ मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमीजच्या अहवालाने म्हटले की प्रीमियम सिगार ओढणारे बहुतेक जण रोज ओढत नाहीत, म्हणून एकूण नुकसान कमी दिसण्याची शक्यता आहे. पण धुरातली विषारी द्रव्ये तीच आहेत. हा फरक नीट वाचला पाहिजे. धोका कमी होतो तो क्वचित ओढल्याने, पान फिके असल्याने नव्हे. उलट ठसका लावणारा सिगार माणसाला थांबवतो आणि मवाळ सिगार दुसरा पेटवायला लावतो. सिगारेटच्या पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द छापायला अमेरिकेने २००९ च्या कायद्याने मनाई केली, कारण लोक त्यांचा अर्थ ‘सुरक्षित’ असा घेत होते. २०१६ मध्ये सिगारही त्या चौकटीत आले. २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयाने प्रीमियम सिगारपुरता तो नियम रद्द केला. त्यामुळे जो शब्द सिगारेटला फसवा ठरला, तो इथे अभिमानाने मिरवतो.

शेवटी कुणी विचारेल की चहा, साखर, कापूस, कोणत्या पिकामागे मजुराचा घाम आणि सत्तेचा हात नाही? मग सौम्य सिगारलाच का धरायचे? धरायचे, कारण बाकीच्या पिकांत कष्ट आणि चव यांचे नाते सैल असते. इथे ते थेट आहे. ओढणाऱ्याला ज्या गोष्टीचा आनंद मिळतो, म्हणजे पानाचा पातळपणा, एकसारखा रंग आणि कडवटपणाचा अभाव, नेमक्या त्याच गोष्टीसाठी मांडवात मुले सरपटली, डेलीत माणसे कोंडली गेली आणि जकातीचे कायदे बदलले. कारागिरांच्या कसबाविषयी मला पूर्ण आदर आहे. पान न फाडता खुडणे, ढीग वेळेवर उलटणे, शेकडो पानांतून एका रंगाची जुळणी करणे ही मोठी विद्या आहे, आणि तिचे श्रेय ‘परंपरा’ या मोघम नावाखाली मालकाच्या छापाला जाणे हाही अन्यायच. विंडसरला कनेटिकट खोऱ्याच्या तंबाखूचे संग्रहालय आहे आणि रेमरेव्हचा अहवाल आता छापील मिळतो. कनेटिकट आणि डेली या दोन जागांचा इतिहास एकत्र वाचला जात नाही, तोवर सौम्य सिगारची गोष्ट अर्धीच सांगितली जाईल. पुरी गोष्ट अशी की तंबाखूचा कडकपणा कुणीही नाहीसा केलेला नाही. तो मजुराच्या अंगात, जकातीच्या भांडणात आणि ओढणाऱ्याच्या रक्तात वाटला गेला; फक्त जिभेला तो लागू दिला नाही.